पायरीवर पडलेली कार्बाइन

पोलिसांच्या शस्त्रागारात सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. हुद्दा हवालदाराचा होता, पण सव्वीस वर्षांत त्यांनी बंदुकांबरोबर कचेरीतली घड्याळं, कुलपं, पंखे आणि एकदा तर एका साहेबांच्या कवळीचा डबाही दुरुस्त करून दिला होता. मग हवालदार म्हणणार कोण?

त्यांची खोली तळघरात. भिंतीला लागून कुलूपबंद रॅक, मध्ये लांब टेबल, त्यावर तेलाची डबी, चिंध्या आणि नळी साफ करायच्या सळया. रोज सकाळी जाळीच्या झरोक्यातून हत्यारं बाहेर जायची, संध्याकाळी परत यायची. प्रत्येक हत्यार हातात घेऊन मिस्त्री महिन्यातून एकदा 'सुस्थितीत' असं लिहून सही करत.

ही सही करताना एकाच रॅकपाशी त्यांचा हात अडखळे. तिथे बेचाळीस जुन्या कार्बाइन होत्या. आखूड, लोखंडी, खांद्यावर सहज मावणाऱ्या. घोडा दाबून धरला की चार सेकंदांत अख्खं मॅगझिन रिकामं, आणि त्यातल्या तिसऱ्या-चौथ्या गोळीनंतर नळी कुठे बघत असेल ते देवालाच ठाऊक. पण खरी मेख वेगळीच होती. आतला जड बोल्ट नुसत्या स्प्रिंगवर बसलेला. भरलेली कार्बाइन दस्त्यावर आपटली, तर बोल्ट हिसक्याने मागे जाऊन पुढे येई आणि कोणी घोड्याला बोट न लावता गोळी सुटू शके. मिस्त्रींनी हे तीनदा लिहून वर पाठवलं होतं. तिन्ही वेळा 'नोंद घेतली' एवढंच उत्तर आलं.

अशात त्यांची लेक पोलिसात शिपाई झाली आणि तिला नेमणूक मिळाली न्यायालयाच्या फाटकावर. खांद्याला कार्बाइन. हत्यार तिच्या हातात बापानेच दिलं. संध्याकाळी ती फाटकावरच्या गमती सांगायची. वकिलांची घाई, तारखेला आलेल्या म्हाताऱ्या, कडेवर पोर घेऊन 'साहेब कुठल्या खोलीत बसतात' विचारणाऱ्या बाया. बायको हसायची. मिस्त्री ताट अर्धवट टाकून उठत. शेवटी एक दिवस त्यांनी लेकीला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "मॅगझिन कमरेच्या पाकिटात ठेव. बंदुकीला लावू नकोस."

हुकूम उलटा होता. फाटकावरचं हत्यार भरलेलंच असलं पाहिजे. लेकीने वाद घातला नाही. बापाच्या तोंडून कामाबद्दल उगाच शब्द निघत नाही, हे तिला ठाऊक होतं.

दोन महिन्यांनी एका गाजलेल्या खटल्याच्या दिवशी दुपारी फाटकावर रेटारेटी झाली. कोणाच्या तरी छत्रीत लेकीच्या बंदुकीचा पट्टा अडकला, पट्ट्याची कडी तुटली आणि कार्बाइन दस्त्याच्या बाजूने दगडी पायरीवर आपटली. खण्ण आवाज झाला. लोक मागे सरकले. नळीच्या समोर, हातभर अंतरावर, कडेवर मूल घेतलेली एक बाई उभी होती.

काहीच झालं नाही. बंदूक रिकामी होती.

पण बंदूक रिकामी होती हेच कागदावर आलं. हुकूम मोडल्याबद्दल लेकीची चौकशी लागली. ती बापाचं नाव घेईना. मिस्त्रींनी इस्त्रीचा गणवेश चढवला आणि चौकशी करणाऱ्या मॅडमपुढे जाऊन उभे राहिले. तिला मीच सांगितलं होतं, असं त्यांनी सरळ कबूल केलं.

मॅडम चिडल्या नाहीत, पण पटलंही नाही त्यांना. त्यांचं म्हणणं, फाटकावर अशी बंदूक दिसली की गुंडाची छाती दडपते. ती काढली तर उद्या काही घडल्यावर जबाब कोण देणार? आणि पडून गोळी सुटते हे ऐकीव आहे. त्यांच्या वीस वर्षांत तरी त्यांनी पाहिलं नव्हतं.

मिस्त्रींनी दाखवून देण्याची परवानगी मागितली. दुसऱ्या दिवशी सराव मैदानावर मॅडम आल्या, विशेष पथकाला हत्यारं शिकवणारे उस्तादही आले. मिस्त्रींनी काडतुसांतली दारू आणि शिसं काढून पुढे लाकडी टोकं बसवली होती. मागची, ठिणगी पाडणारी टोपी तेवढी जिवंत. वाळूच्या पोत्यांआड उभं राहून त्यांनी कार्बाइन कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर सोडली. काही नाही. पुन्हा सोडली. काही नाही. मॅडमनी घड्याळ पाहिलं. मिस्त्रींच्या मनात आलं, आज हात दाखवून अवलक्षण. लेकीची नोकरी आपणच घालवली.

तिसऱ्यांदा सोडली आणि टप्पकन आवाज आला. लाकडाचं टोक पोत्यावर आपटून खाली पडलं.

मॅडमनी ते टोक उचलून पाहिलं. मग त्यांनी उस्तादांना विचारलं, की मग या जातीच्या बंदुका पोलिसांना नकोतच का?

उस्ताद मोजकं बोलणारे. म्हणाले, "मला हव्यात, मॅडम. पण नव्या, पडल्या तरी न उडणाऱ्या, एकेक गोळी नेमकी टाकता येणाऱ्या. बंद खोलीत सशस्त्र माणूस असेल आणि दारातून शिरायचं असेल, तर आखूड बंदुकीसारखी सोय नाही. माझी सहा माणसं दर आठवड्याला तिच्यावर सराव करतात. फाटकावरची पोरगी वर्षातून एकदा करते. गर्दीत तिने ती चालवायची कोणावर?"

मॅडमनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाले, "जी चालवताच येणार नाही, ती नुसती दाखवायला माझी सही नको."

निकाल आठ दिवसांनी आला. लेकीला लेखी समज, बाकी चौकशी बंद. मिस्त्रींनाही समज, 'पुढे असं परस्पर सांगू नये' म्हणून. बेचाळीसही कार्बाइन कायमच्या परत मागवल्या. नव्या घ्यायच्या त्या फक्त पथकासाठी, सहा. फाटकावर यापुढे पिस्तूल आणि दोन माणसं जास्त.

समजेचं पत्र मिस्त्रींनी दोनदा वाचलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. नोकरीत पहिल्यांदाच ठपका आला होता, पण बायकोला फोनवर सांगताना आवाज बढती मिळाल्यासारखा होता.

पाळ्या संपतील तशा दोन दिवस बंदुका येत राहिल्या. प्रत्येकीची नळी उजेडाकडे धरून, स्प्रिंग काढून, मिस्त्रींनी त्या लाकडी पेट्यांत आडव्या ठेवल्या. शेवटची घेऊन लेक स्वतः आली. झरोक्यातून आत देताना तिने खांदा चोळला आणि म्हणाली, "बाबा, खांदा केवढा हलका झालाय."

"माझाही," मिस्त्री म्हणाले आणि पावतीवर सही करून कागद तिच्या हातात दिला.