बोटभर फट

"घराचं नाक दाबू नये," असं ओस्मो कांगस नेहमी म्हणायचा. ऑक्टोबर लागला की सरोवराकाठच्या त्या जुन्या खाणगावात तो दारोदार फिरे. पाठीवर फोमचे तक्ते, खिशात सुरी, हातात फटी भरायच्या लांबीचा डबा. तळघरांच्या जुनाट खिडक्या तो अशा बुजवी की वाऱ्याने डोकं आपटून परत जावं. पण दर घरी, घर तापवणाऱ्या भट्टीजवळच्या एका खिडकीला बोटभर फट ठेवी. विचारलं तर म्हणे, "घर राखणारा म्हातारा तिथून ये-जा करतो. माझ्या आईनं सांगितलंय."

लेम्पीला हे पटत नसे. नवरा एर्की गेल्यापासून ती एकटीच राहत होती, आणि भट्टीचं तेल वसंतापर्यंत पुरवायचं होतं.

"ओस्मोदादा, तुमच्या म्हाताऱ्याला म्हणावं, यंदा दारातून ये. माझी सगळी ऊब त्याच्या फटीतून चाललीय."

"तूच सांग बाई. माझं तो ऐकत नाही," म्हणत ओस्मोने वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवला.

जानेवारीत थंडी हाडांत उतरली, तेव्हा लेम्पीने एर्कीचा लोकरी हातमोजा त्या फटीत ठासला. घर उबदार झालं. स्वतःच्या हुशारीचं तिला हसू आलं.

तिसऱ्या दिवशी डोकं जड झालं. मांजर तळघराच्या जिन्याकडे पाहून गुरगुरलं आणि बाहेर पळालं, ते आलंच नाही. चौथ्या दिवशी, भर दुपारी, लख्ख उन्हात, खालून एर्की खोकला. तीन ठसके आणि एक उसासा. खाणीतून आणलेला तोच खोकला. लेम्पीला भीती वाटली नाही, हेच नवल. खुर्चीतून न हलता ती म्हणाली, "वर ये ना. ऊब आहे." जिन्याची पायरी करकरली. मग दुसरी.

दार धाडकन उघडलं. ओस्मोने तिला ओढत बाहेर बर्फात नेऊन बसवलं, मग श्वास रोखून तो तळघरात उतरला, भट्टी बंद केली आणि हातमोजा उपटून वर आला.

दुसऱ्या दिवशी लेम्पी दवाखान्यातून परतली, तेव्हा ओस्मो तिच्या ओट्यावर बसला होता.

"भट्टीला हवा लागते," तो म्हणाला. "नाही मिळाली की विष सोडते. त्याला ना रंग, ना वास."

"मग इतकी वर्षं म्हाताऱ्याची गोष्ट का सांगितलीत? भट्टीचं सांगितलं असतंत, तर मी मोजा कोंबला असता का?"

ओस्मोने खिशातून तो मोजा काढला. "गोष्ट सांगितली की लोक माझ्याकडे बघत राहायचे. त्या तोऱ्यापायी तू गेली असतीस."

"पण काल तुम्ही आलात कसे?"

त्याने मोजा तिच्या मांडीवर ठेवला. "माझ्या तळघराची खिडकी कुणीतरी वाजवली. तीन ठोके आणि एक उसासा, थेट एर्कीसारखा. बाहेर पाहिलं, तर बर्फावर पाऊल उमटलेलं नव्हतं."

मग तो उठला. गावातल्या प्रत्येक घरी जाऊन आता भट्टीचं खरं कारण सांगायचं होतं. बर्फातून तो हळूहळू निघाला. लेम्पी आत जाऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत राहिली. तिच्या पायांखाली, तळघराच्या गोठलेल्या काचेवर, फटीशेजारी, श्वासाएवढा बर्फाचा गोल वितळला होता.