थर्माकोलच्या खोक्याचा सत्कार

खोक्याला हार घातलेला मी जन्मात एकदाच पाहिला. ते खोकं कागदोपत्री कॉलेजचं होतं, पण त्याची वाट मी बघत होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नशिराबादहून एसटीने जा-ये करत मी जळगावला पीएच.डी. करत होते. रक्तातली चरबी फोडणारं एक एन्झाइम असतं. मेथीच्या अर्काने त्याचं काम वाढतं का, एवढाच माझा प्रश्न. गाईच्या दुधातही ते सापडतं, म्हणून मेहरूणच्या एका गोठ्यातून कच्चं दूध आणून मी सगळे प्रयोग केले. तर परीक्षक म्हणाले, गाईचं झालं, आता माणसाचं दाखवा. परदेशात माणसाचं जनुक दुसऱ्या पेशींत घालून ते एन्झाइम बनवतात आणि संशोधनापुरतं विकतात. आमच्या विभागाने ते कसंबसं मागवलं. पुन्हा मागवायची ऐपत नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं.

घरी आबांनी, माझ्या वडिलांनी, सांगून ठेवलं होतं, "आखाजीपर्यंत थांबतो. तोवर तुझं काही निघालं तर शिक. नाहीतर धुळ्याचं स्थळ मी हातचं घालवणार नाही." अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. खोकं आलं ते नेमकं आखाजीच्या तोंडावर, जळगावच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात.

आत कोरडा बर्फ, म्हणजे ड्राय आइस, त्यात करंगळीच्या पेराएवढी कुपी. गरम झालं की ते एन्झाइम कायमचं निकामी होतं, म्हणून मी फ्रीजर उघडून तयार उभी. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "एवढी कसली घाई? असलं काही आपल्याकडे पहिल्यांदाच आलंय. संस्थेच्या अध्यक्षसाहेबांच्या हस्ते उघडू."

अध्यक्षसाहेब पहूरला लग्नाला गेले होते. खोकं टेबलावर ठेवून त्याला हळदकुंकू लावलं, हार घातला, पुढे नारळ ठेवला. पंखा गरम हवा फेकत होता.

"सर, निदान कुपी तरी फ्रीजरमध्ये ठेवू द्या."

"मग साहेब काय रिकामं खोकं उघडतील?"

साहेब दुपार कलल्यावर आले. झाकण काढलं, तर धूर अगदीच बेताचा. फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, परत एकदा. धूर नीट आला नाही." उरल्यासुरल्या बर्फावर सरांनी तांब्याने पाणी ओतलं. आम्हाला बायोकेमिस्ट्री शिकवणाऱ्या माणसाने, स्वतःच्या हाताने. मग भसाभसा धूर निघाला, टाळ्या पडल्या. कुपी साहेबांनी हातात घेतली, प्राचार्यांनी घेतली, कुणाकुणाच्या मुलांनीही घेतली. पेढे वाटून झाले तेव्हा ती माझ्याकडे आली. कोमट होती.

दुसऱ्या दिवशी चाचणी लावली. एन्झाइम काम करत असेल तर नळीत पिवळा रंग येतो. नळी पाण्यासारखी राहिली. पुन्हा लावली, तेच.

"अर्क जास्त घातला असशील," सर म्हणाले.

"अर्क अजून घातलाच नाही सर. नुसतं एन्झाइम आहे."

"मग तुझा हात चुकला. नाचता येईना, अंगण वाकडं."

घरी आले. आई मूळची धुळ्याकडची, तिची बोली शेवटपर्यंत सुटली नाही. तिने विचारलं, "काय व्हयनं, माय?" मी म्हटलं, मेलं ते. ती म्हणाली, "जित्तं व्हतं का ते?" नव्हतं गं, एवढंच म्हणू शकले, आणि मग मला रडू आवरेना.

आबांनी शब्द दिला होता, तो पाळला. आखाजी झाली आणि धुळ्याला होकार गेला. पिवळा रंग शेवटी मिळाला मला, अंगावर लागला.

लग्नाला सर आले. आमरसाचं जेवण झालं, दोनदा वाढून घेतलं. मग माझ्या सासऱ्यांशेजारी बसून, मला ऐकू येईल असं म्हणाले, "पोरगी फार हुशार हो. एवढं परदेशातून एन्झाइम मागवून दिलं आम्ही. पण काय करणार, लग्न ठरलं आणि सोडून दिलं. मुलींचं हे असंच." सासऱ्यांनी मान डोलावली. त्या दिवसापासून त्या घरात माझी हीच ओळख झाली, शिक्षण अर्धवट सोडलेली सून.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबा म्हणाले, "सरांच्या पाया पड, बेटा."

तोंडात शिव्या आल्या होत्या. त्या गिळल्या, वाकले आणि ज्या हाताने त्यांनी पाणी ओतलं होतं, त्याच हाताचा आशीर्वाद डोक्यावर घेतला.