रंगूबाईंचं वेगळं खोकं

समजा, तुम्हाला चकल्या पाठवायच्या आहेत. पत्त्यात गाव नाही. नुसता नंबर, नाव, पलटण आणि आर्मी पोस्ट ऑफिसचा आकडा. खोकं नाशिकहून निघेल, रेल्वेत आपटेल, ट्रकमध्ये हादरेल आणि शेवटी कुणाच्या तरी पाठीवरून डोंगर चढेल. ते दिवाळीपर्यंत वर पोचलं पाहिजे, आणि चकलीचा भुगा व्हायला नको. कसं भराल?

नाशिकजवळ मखमलाबादला आमच्या गल्लीत, शेजारीच राहणाऱ्या रंगूबाई चकल्या डब्यात आडव्या ठेवत नाहीत. बांगड्यांसारख्या उभ्या लावतात आणि फटींत चुरमुरे ठासतात. डबा हलवून आवाज आला, तर पुन्हा भरतात. मी सातपूरच्या एका कंपनीत मशीनच्या सुट्या भागांचं पॅकिंग बघतो. आम्हीही जवळपास हेच करतो, फक्त आमचा फोम खाता येत नाही.

गल्लीतली जी पोरं सैन्यात आहेत, त्यांना बायका दरवर्षी मिळून फराळ पाठवतात. सगळं मोहिनीताईंच्या ओट्यावर गोळा होतं. त्यांचा लखन आणि रंगूबाईंचा ललित एकाच पलटणीत आहेत, म्हणून त्या दोघांना सगळ्यांचं मिळून एकच खोकं जातं. पण यंदा श्रावणात रंगूबाईंचे यजमान, गोटीरामकाका गेले. दरड कोसळून रस्ता बंद होता, ललितला येता आलं नाही. त्यानं फोनवरच बापाचं शेवटचं दर्शन घेतलं आणि तो ड्यूटीवर उभा राहिला.

आमच्याकडे माणूस गेलं की पहिल्या दिवाळीला त्या घरात तळण करत नाहीत. शेजारी फराळ आणून देतात. पण सैन्यात जाणारा फराळ पंधरा-वीस दिवस आधी निघावा लागतो. रंगूबाईंनी दसरा होताच चकल्या-शंकरपाळ्यांसाठी कढई चढवली. वास गल्लीभर गेला आणि संध्याकाळी मोहिनीताई आल्या.

आधी त्यांनी गोडीत सांगून पाहिलं. काकू, यंदा तुम्ही आराम करा, ललितचा वाटा मी माझ्या घरून घालते. रंगूबाई म्हणाल्या, घाल की, खाईल तो, पण माझंही जाणार. मग मोहिनीताई पायरीवर बसल्या आणि आवाज खाली आणून बोलल्या.

"राग मानू नका काकू. दुखवट्याच्या घरचं तळण त्या खोक्यात कसं घालू? माझा पोरगाही तिकडंच हाय."

रंगूबाईंनी हातातला झारा खाली ठेवला नाही.

"बाप गेला म्हणून ललितची ड्यूटी सुटली नाय. मग माझी कशी सुटंल?"

दुखवट्याचं तळण पोराला बाधेल, ही मोहिनीताईंची भीती तशीच राहिली. बाकीच्या बायकाही त्यांच्याच बाजूनं बोलल्या. रंगूबाईंना ती भीती कळत होती. त्याच डोंगरावर त्यांचाही मुलगा होता. त्यांनी सगळ्यांच्या खोक्यात आपलं काही घुसवलं नाही. मला कंपनीतून एक जाड खोकं आणायला सांगितलं आणि त्याच्या चारी बाजूंना मोठ्या अक्षरांत आपलं नाव लिहून घेतलं. पाठवणाऱ्याचं नाव कोपऱ्यात बारीक लिहितात, असं मी म्हणालो. लांबून दिसलं पाहिजे कुणाचं हाय ते, असं त्या म्हणाल्या. पोस्टात जायला मागचा रस्ता जवळचा आहे. त्या खोकं कमरेवर घेऊन पुढच्या रस्त्यानं गेल्या, मोहिनीताईंच्या दारावरून.

वसुबारसेला ललितचा फोन आला. वर सगळी खोकी एका चादरीवर रिकामी केली होती. कुठला डबा कुणाच्या घरचा, कुणी विचारलं नाही. आईचे शंकरपाळे निम्म्याहून जास्त लखननं संपवले, अशी त्याची तक्रार होती.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी रीतीप्रमाणे मोहिनीताई फराळाचं ताट घेऊन आल्या. रंगूबाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, बसायला पाट दिला, ताट आत नेऊन रिकामं केलं. आता शेजारणीचं ताट रिकामं परत देत नाहीत, हीही रीतच. दुखवट्याच्या घरून चिमूटभर साखर घातली तरी चालते. रंगूबाईंनी उरलेल्या शंकरपाळ्यांनी ताट भरलं.

"लखननं खाल्ले," त्या म्हणाल्या. "पोराला चालले. आता तू बघ."

मोहिनीताईंनी ताट घेतलं. नको म्हणाल्या नाहीत, एकही तोंडात टाकला नाही. ताटावर रुमाल घातला आणि निघाल्या. गल्लीच्या वळणापलीकडे धनराजची गाय बांधलेली असते. कुणाचं काही उरलं की ते तिच्यापुढे जातं. रंगूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. वळणापलीकडचं त्यांना दिसलं नाही.

आता उन्हाळा लागलाय. दोघी रोज भेटतात, बोलतात, तो विषय सोडून. येत्या दिवाळीला पुन्हा सगळ्यांचं एकच खोकं करू, असं बायका म्हणताहेत. रंगूबाईंनी मला आधीच सांगून ठेवलंय, खोकं वेगळंच आण, नाव चारी बाजूंना. त्याबद्दल त्यांच्या मनात काही शंका नाही. त्यांना विचारायचंय ते एवढंच, आणि मोहिनीताई समोर आल्या की तेवढंच ओठांवर येऊन थांबतं: ते शंकरपाळे तू खाल्लेस, की गायीला घातलेस?