विल्फ आर्मिटेज ‘सर’ म्हणत नाही

विल्फ आर्मिटेज उत्तर इंग्लंडातल्या आमच्या बार्न्सलीच्या डेपोत बस चालवायचा आणि बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला ‘लव्ह’ म्हणायचा. प्रत्येकाला म्हणजे प्रत्येकाला. पिशव्या सावरत चढणाऱ्या म्हातारीला, हातभर गोंदवून घेतलेल्या आडदांड गवंड्याला, तिकिटं तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरलासुद्धा. ‘कुठं जायचंय, लव्ह?’ ‘सांभाळून उतर, लव्ह.’ यात प्रेमाबिमाचा काही संबंध नाही. आमच्याकडे पुरुष पुरुषालाही असंच म्हणतो आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते दक्षिणेकडून आलेल्या मंडळींना.

मग कंपनी विकली गेली आणि नव्या मालकांनी दक्षिणेतूनच डॅरेन प्रेंटिस नावाचा मॅनेजर पाठवला. पोरगा वाईट नव्हता, पण त्याला माणसं सुधारायची भारी खाज. तो आला आणि नेमकी तेव्हाच एका बाईंची तक्रार आली. मिसेस व्हिटकोम्ब म्हणून, गावात नव्याच राहायला आलेल्या. परक्या माणसानं मला लव्ह का म्हणावं, असं त्यांचं म्हणणं. बरोबरच होतं त्यांचं. विल्फनं दुसऱ्या दिवशी त्यांना सरळ विचारलं, “तुम्हाला नाही आवडत ना? मग नाही म्हणणार. काय म्हणू?” त्या म्हणाल्या, मिसेस व्हिटकोम्ब म्हणा. तेव्हापासून तो तेच म्हणू लागला, त्याही हसून उत्तर देऊ लागल्या. शहाण्या माणसांत विषय इथंच संपतो.

प्रेंटिसनं मात्र आम्हा सगळ्या ड्रायव्हरांना कँटीनमध्ये गोळा केलं, फळा लावला आणि म्हणाला, “प्रवाशांना कोणते शब्द म्हणू नयेत, तुम्हीच सांगा.”

आमच्या हातात बेकन सँडविच होती आणि आम्ही कंटाळलो होतो. असली संधी कोण सोडतो?

“लव्ह!” पहिला ओरडला.

“पेट!” आमच्यातला न्यूकॅसलवाला. तिकडचं ‘लव्ह’ ते.

“डक!” ज्याची सासुरवाडी डर्बीला आहे तो. “माझी सासू मला सोडून सगळ्यांना डक म्हणते!”

“फ्लॉवर!” “पेटल!” “हेन!”

“कॉक!” लँकेशायरचा केन शांतपणे म्हणाला. आमची हसून मुरकुंडी वळली. “हसताय काय? माझी आजी चर्चच्या पाद्र्याला म्हणायची.”

प्रेंटिसचे कान लाल झाले, पण बिचाऱ्यानं तोही शब्द लिहिला. फळा भरला तसा त्यानं सगळ्यावर एक मोठी फुली मारली. आजपासून फक्त सर आणि मॅडम.

“टेनिसमध्ये लव्ह म्हणजे शून्य,” मागून कोणीतरी विचारलं. “तेवढं तरी चालेल का?”

विल्फ एकटा हसला नव्हता. “मी सर म्हणणार नाही,” तो म्हणाला.

“का, मिस्टर आर्मिटेज?”

“आमच्याकडे सर म्हणतात ते मास्तरला नाहीतर खाणीच्या साहेबाला. दोघांनीही आम्हाला बडवलंच.”

काही दिवसांत बसमध्ये कॅमेरे लागले, आवाजही टिपणारे. विल्फला एक ताकीद मिळाली, मग दुसरी. आता आणखी एकदा सापडला की घरी. तो आधी कोळशाच्या खाणीत होता. ती बंद पडल्यावर कित्येक महिने खिडकीत बसून काढले होते त्यानं; या बसनं त्याला उठवलं होतं. ती गेली तर याचं काय होणार, या विचारानं आमचाच जीव टांगणीला लागला होता. हा गडी मात्र तिसऱ्यांदा सापडला, तोही खणखणीत आवाजात.

चौकशीला सोबत एक जण नेता येतो. मी गेलो.

प्रेंटिस म्हणाला, “मला तुम्हाला काढायचं नाहीये. निदान पुरुषांना तरी म्हणू नका. एवढं कबूल करा, बाकीचं मी वर बोलतो. एका पुरुषानं दुसऱ्याला... विचित्र वाटतं ते.”

विल्फनं खुर्ची पुढं ओढली.

“माझा बाप खाणीत होता. घरात गोड शब्द नाही. शेजारच्या सिड बूथशी तर त्याचं बोलणंच बंद, कबुतरांच्या शर्यतीवरून. एका पाळीला छत कोसळलं आणि बाप कंबरेपर्यंत गाडला गेला. मी तिथंच होतो, हातानं दगड उपसत होतो. सिड त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि सारखा म्हणत होता, मी आहे, लव्ह. इथंच आहे, लव्ह. वर आणेपर्यंत बाप संपला होता. तिथं कोणाला विचित्र वाटलं नाही रे. आता तिथं ‘सर’ घालून बघ, डॅरेन. बघ म्हणून.”

प्रेंटिसनं समोरची फाईल मिटली. मला वाटलं, पाघळला. पण तो हळूच म्हणाला, “मला खरंच वाईट वाटतं. पण नियम वरून येतात.”

“वरूनच येतं सगळं. छतसुद्धा.”

विल्फनं कोटावरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि उठला. “बरंय, लव्ह,” तो प्रेंटिसला म्हणाला, अगदी मनापासून, आणि निघून गेला. मला इतका संताप आला होता की जिना उतरताना मी कठडा हातानं बडवत आलो.

त्यानंतर एकदा तो प्रवासी म्हणून आमच्या बसमध्ये चढला. नव्या ड्रायव्हरनं शिकवल्याप्रमाणं “गुड मॉर्निंग, सर” म्हटलं. हा आल्या पावली खाली उतरला आणि तेव्हापासून पायीच जायला लागला. गुडघे दुखतात, वर्सबरोचा चढ त्याला झेपत नाही, बायको डोकं आपटून घेते. हेका तो हेका. आम्ही त्याच्या शेजारी बस हळू करतो, दार उघडतो. तो एकच प्रश्न विचारतो, आणि आम्ही शेपूट घालून पुढं जातो.

परवा गारा पडत होत्या. तो त्याच चढावर, कॉलर वर करून, लंगडत चाललेला. मी बस थांबवली, दार उघडलं.

“चढ, विल्फ. मरशील.”

“चढतो की. काय म्हणणार मला?”

मागं बस भरलेली. डोक्यावर कॅमेऱ्याचा लाल दिवा. मलाही ताकीद मिळालेली होतीच, आणि घरी दोन पोरं आहेत. पण विल्फ गारांत उभा होता, आणि त्या दाराच्या आत बसून मला माझीच शरम वाटली. मी कॅमेऱ्याकडं तोंड केलं, नीट ऐकू जावं म्हणून आवाज चढवला आणि म्हणालो, “चढ, लव्ह.”