छागलीतलं पाणी

नातवाचे कॅनव्हासचे बूट धुतले आणि त्या ओल्या वासाने पंचावन्न सालची भाड्याची मोटार आठवली. लग्नानंतर आपली लेक, म्हणजे मी, सासरी बसने जाणार नाही म्हणून बाबांनी ती नागपूरहून अमरावतीपर्यंत ठरवली होती. मोटारीच्या पुढच्या बाजूला पाणी गार राहावं म्हणून कॅनव्हासची भरलेली छागल टांगलेली.

लेकीच्या घरचं पाणी बाप पीत नाही, ही आमची रीत. अमरावतीला पोचल्यावर भर उन्हात सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर बाबा हात जोडून मोटारीपाशी गेले आणि छागलीतलं पाणी ओंजळीने प्याले. मला त्यांच्या हट्टाचा रागच आला. मग त्यांनी मला बोलावलं. "पी वं, आपल्या विहिरीचं हाय."

मी पीतच राहिले. ड्रायव्हर म्हणाला, "काका, परतीले काही उरनार नाही."

"मले रस्त्यात विहिरी हायेत गा," बाबा म्हणाले. "तिले हे पानी मंग कुठं भेटनार?"