आसरांचा नैवेद्य आणि आमचा तंबू

लोकांच्या चालीरीतींवर उभे आयुष्य व्याख्याने देणाऱ्या माणसाने एका साध्या सहलीचा कसा बोजवारा उडवला, हे ऐकायचे आहे ना? मग जरा सरकून बसा. माझी अब्रू आज मीच काढतो.

माझा शाळूसोबती सुधाकर. बायको गेल्यापासून एकटाच, म्हणून पुढल्या आठवड्यात जालना कायमचे सोडून मुलाकडे पुण्याला निघाला होता. जाण्याआधी त्याची एकच इच्छा होती. लहानपणी आम्ही सायकली हाणत ज्या तळ्यावर जायचो, तिथे आता बाग झाली आहे, तंबू ठोकता येतो. तिथे दोघांनीच एक मुक्काम करावा.

"गडबड बिलकुल नको," तो म्हणाला. "ओल्या चड्ड्या बाभळीवर टाकून पाण्याकडं बघत बसायचो ना, तसं नुसतं बसू."

नियोजन मी स्वतःकडे घेतले. घात झाला तो इथेच!

बागेची देखरेख करणाऱ्या काशिनाथरावांना फोन लावला. शहाण्या माणसाने काय विचारले असते? तंबू कुठे, संडास कुठे. मी विचारले, "तळ्यावर आसरांचं ठाणं आहे का?" आसरा म्हणजे पाण्याकाठच्या सात देवी, शेंदूर फासलेले सात दगड. अभ्यासकाची खोड, दुसरे काय!

"हाय की, सर."

"नैवेद्य कशाचा?"

"पुरणाचा. संगं दहीभात."

"आणि ओटी भरायला सवाष्णी किती?"

"सात." पलीकडचा आवाज एकदम आदबशीर झाला. "कवा येऊन राह्यले सर?"

"शनिवारी."

"मंग फिकीर करू नका. समदं बराबर करून ठिवतो."

आता गंमत पाहा. नवस फेडायला येणाऱ्याला 'कशाचा नवस' असे ओटी भरेपर्यंत विचारायचे नाही, असा तळ्याकाठच्या त्या गावाचा संकेत. मी नवस फेडायलाच येतोय असे समजून बिचाऱ्याने काही विचारले नाही. आणि या संकेतावर मी अख्खा लेख लिहिलेला आहे!

शनिवारी पोचलो, तर हलगी कडाडत होती. सात सवाष्णी पाटांवर, पन्नासेक पाने मांडलेली. आमचा तंबू लोकांनीच हौसेने उभारला आणि धूळ नको म्हणून त्यात पुरणपोळ्यांच्या टोपल्या ठेवल्या.

सुधाकर कानाशी लागला. "कुणाचं लगीन हाय रे हे?"

मी खुलासा करायला तोंड उघडणार, तोच बायकांनी गाणे धरले. आणि ते गाणे माझ्या संग्रहात नव्हते! मी वही काढली.

गाणे संपले, ओट्याही भरून झाल्या. थोरल्या सवाष्णीने विचारले, "नवस कुणाचा?"

घाबरून मी सुधाकरकडे बोट केले. "यांचा."

"काय बोलला व्हता, भाऊ?"

सुधाकरने तळ्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाला, "गाव सुटू नये म्हणून."



"मंग पावल्या की आसरा!" थोरली सवाष्ण म्हणाली. "पावल्याबिगर कुणी फेडाया येतंय व्हय? आता कसा जाशील?"

तर्क बिनतोड होता.  सुधाकरने तिथूनच मुलाला फोन लावला. "मी येऊन न्हाई राह्यलो, बाळा. देवीचं हाय. खरं न वाटलं तर काकांना विचार, त्यांचा अभ्यास हाय."

मुलगा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. सुधाकर मात्र सकाळी सहाला माझ्या दारात हजर असतो. माझे वर्तमानपत्र माझ्याआधी उघडतो, शब्दकोडे पेनाने चुकीचे सोडवतो आणि दुपारी जेवल्याशिवाय उठत नाही. माझा ग्रंथ तिसऱ्या प्रकरणावर अडला आहे.

नवस त्याचा होता हो; रोज फेडतो आहे मी!