बंदच्या दिवशी बीजगणित: घोडपदेव ते शिवाजी पार्क

"आजी, घोडपदेवहून शिवाजी पार्कला चालत जाता येतं का?" असं एका वाचकाने विचारलंय. न जायला काय झालं! शाळेत असताना मी गेलेय, तेही बंदच्या दिवशी, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. मी अकरावीत, आणि प्रिलिमला बीजगणितात आपटलेली. फेरपरीक्षेत पास झाले तरच शाळा मॅट्रिकचा फॉर्म पाठवणार होती, नाहीतर थोरले काका माझं लग्न उरकणार होते. वडील गेल्यापासून घरात त्यांचाच शब्द चाले. आणि माझ्या नोट्स म्हणाल तर अख्ख्या चाळीत नावाजलेल्या! निळ्या शाईत सूत्रं, लाल शाईत चौकटी. मला बघायला कोणी आलं की काका तीच वही पुढे करायचे, "अक्षर बघा पोरीचं!"

आमच्या गणिताच्या निवृत्त बाई शिवाजी पार्कला राहायच्या. त्यांच्याकडे जुन्या प्रश्नपत्रिका होत्या. त्या आणायला निघाले तर ट्राम बंद, बस बंद. आई दारातच आडवी आली.

"खंय चललंस गो? रस्त्यार पोलीस आसत."

"असूंदेत. माझी परीक्षा काय पोलीस देणार आहेत?"

तिने पुटपुटत भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून दिली. मैत्रीण विमल सोबतीला होतीच.

लालबाग, परळ, मग दादर, असा सरळ रस्ता. आरामात चाललात तर दीडएक तास लागतो. आज जाणार असाल तर लालबागच्या मसाल्याच्या दुकानांवरून जा, शिंका आल्या तरी चालतील. परळला मिसळ खा. दादरचा पूल मात्र भर उन्हात चढू नका. त्या दिवशी सगळ्या दुकानांच्या फळ्या लागलेल्या. परळच्या नाक्यावर माणसं ओरडत होती, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" आम्हीही घसा ताणून ओरडलो.

बाईंनी वही चाळली. "सुरेख आहे गं." मी फुगले. "आता मिट, आणि हे गणित सोडव."

मी पेन्सिल चावत बसले. "बाई, हे वहीत आहे. पान काढू?"

"परीक्षेत कोण काढू देणार आहे? नोट्स टाकू नकोस. पण आधी गणित कर, अडशील तेवढ्याचीच नोट काढ. तू आधी वही सजवतेस आणि गणिताला वेळच उरत नाही."

असा राग आला म्हणून सांगू! त्या लाल चौकटींचा, त्यांचं कौतुक करणाऱ्यांचा, माझासुद्धा. पार्काच्या कट्ट्यावर भाकरी खाल्ली ती रागातच.

परतताना मी विमलला म्हटलं, "प्रत्येक नाक्यावर बाईंच्या प्रश्नपत्रिकांतलं एक गणित घाल. दयामाया नको."

"रडशील हां!"

"रडेन नि सोडवीन."

बंद दुकानांच्या पायऱ्यांवर बसून त्याच वहीच्या कोऱ्या बाजूंवर गणितं केली. चुकलं की काट मारायची आणि का चुकलं ते शेजारी एका ओळीत लिहायचं. दादरला सगळी चुकली. परळला एक आलं. लालबागला लागोपाठ दोन आली, तेव्हा मी रस्त्यातच विमलला मिठी मारली.

पुढे रोज तेच चाललं, आणि वहीची पार रया गेली. फेरपरीक्षेच्या तोंडावर एका संध्याकाळी काकांनी मला बघायला पाहुणे बोलावले. सवयीने वही काढून मुलाच्या आईच्या हातात दिली, "अक्षर बघा पोरीचं!"

मुलाची आई पानं उलटत राहिली. "ही काय गिचमिड?"

"सराव आहे," मी म्हटलं. "मॅट्रिकला बसणार आहे मी."

वही जमिनीवर टाकून, चहा अर्धा सोडून पाहुणे उठले. काका लालबुंद झाले. "आणि नापास झालीस तर?"

"तर परत बसेन!"

मी पास झाले, फॉर्म गेला, पुढे मॅट्रिकही झाले. त्या वाटेवरच्या चाळी आता ओळखू येत नाहीत, बीजगणित तर केव्हाच विसरले. आधी प्रश्नाला भिडायचं, अडलं की मग टिपून ठेवायचं, एवढी सवय राहिली. आणि त्या संध्याकाळची आई राहिली. काकांसमोर कधी तोंड न उघडणारी आई, शाळेची पायरी न चढलेली. पाहुणे गेल्यावर तिने जमिनीवर पडलेली वही उचलली, पदराने पुसली, माझ्या पुढ्यात उघडून ठेवली आणि काकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"हं, फुडला गणित कर बघया."